आधी खोट, मग गुण

रुद्राप्पा हुक्किरे यांनी शाहूपुरीतल्या एका छोट्या गाळ्यात बसून उभा जन्म लोकांना नोकऱ्या लावून दिल्या. शिरोलीतल्या फाउंड्र्यांचे मालक पेपरात जाहिरात द्यायच्या आधी त्यांना फोन करायचे. त्याला कारण त्यांची रीत. माणूस घेऊन गेले की ते आधी त्याची खोट सांगत. हा जत्रेला न विचारता गावी जाईल, याची जीभ जरा तिखट आहे. मालक हसायचा, चहा मागवायचा, आणि चहा येईपर्यंत रुद्राप्पा त्या माणसाचे गुण सांगायचे. खोट लपवत नाहीत म्हटल्यावर गुणांवर कुणी शंका घेत नसे.

पुढं नोकऱ्या मोबाईलवर आल्या आणि गाळ्यातला बाक रिकामा पडू लागला.

कसबा बावड्याचा कृष्णात हा त्यांनीच लावलेला माणूस. त्याची फाउंड्री बंद पडली तेव्हा, आधीची वर्षं भट्टीवर काढून, तो स्टोअर सांभाळत होता. वय पन्नाशीच्या पुढं, धाकटी लेक क्रांती अजून कॉलेजात. रुद्राप्पा त्याच्यासाठी ओळखीच्या कारखान्यांतून फिरले. जुने मालक आता नव्हते. त्यांच्या मुलांनी चहा पाजला आणि ॲपवर अर्ज टाकायला सांगितलं. शेवटी क्रांतीनं तो टाकला, आणि ओळखीचा माणूस म्हणून रुद्राप्पांचा नंबर दिला. कित्येक महिने शुकशुकाट. मग एका मोठ्या कारखान्याचं बोलावणं आलं, मुलाखतही चांगली झाली. आता फक्त चौकशीचा एक फोन राहिला होता.

तो एका दुपारी रुद्राप्पांना आला. पुण्याहून कुणी मुलगी बोलत होती. कृष्णातबद्दल काय सांगाल, असं तिनं विचारलं. रुद्राप्पा खुर्चीत सावरून बसले. फार दिवसांनी त्यांना कुणीतरी माणसाबद्दल विचारत होतं.

"आधी एक सांगतो, बाई. भट्टीवरच्या आवाजानं त्याचा डावा कान गेलाय."

पलीकडं कीबोर्डवर काही टाइप केल्याचा आवाज आला. "धन्यवाद सर. एवढंच हवं होतं."

महापुराच्या आठवड्यात कृष्णात घरी न जाता कंपनीचे लाकडी साचे माळ्यावर चढवत राहिला होता. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता. त्यांनी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावला. पलीकडं टेपच वाजत राहिली.

पुढच्या सोमवारी कृष्णात येऊन बाकावर बसला. निवड झाली नाही एवढंच त्याला कळवलं होतं, कारण दिलं नव्हतं. वयच आडवं आलं असेल, असं तो स्वतःच म्हणाला. रुद्राप्पांना गप्प राहता आलं असतं. पण कृष्णात पुढच्या अर्जातही त्यांचाच नंबर देणार होता. खाली बघत, हळू आवाजात त्यांनी सगळं सांगून टाकलं.

कृष्णातनं मान वळवून उजवा कान पुढं केला.

"काय म्हनलासा, अण्णा? जरा मोठ्यानं बोला की."