न्यूझीलंडला निघालेले तांदूळ

पॅकिंगमावशी बंद पेटी कानाशी धरून हलवायची, बाजारात नारळ हलवून बघतात तशी, आणि म्हणायची, "आत एक सैल आसा." उघडून बघितलं की एक जोड सैल असायचाच. गोवंडीच्या आमच्या कारखान्यात गाईंचं दूध काढायच्या यंत्रांचे स्टीलचे जोड बनायचे. माल तपासायला शेठनी महागडं यंत्र आणलं होतं, पण ते बिचारं बहुतेक वेळ झाकूनच असायचं.

मी तिथे एक्स्पोर्टची कागदपत्रं करायचे. मावशी मूळची मालवणकडची, राहायला मानखुर्दला. माझ्या डब्यातली भाजी न विचारता चाखायची आणि मीठ कमी आहे हे सगळ्यांदेखत सांगायची. अस्सा राग यायचा! मीठ खरंच कमी असायचं, हा भाग वेगळा.

न्यूझीलंडची पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा मावशीने झाकणं ठोकायच्या आधी प्रत्येक पेटीत हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या घातल्या, अक्षता टाकल्या. पोर सासरी निघाली, तशीच कशी धाडायची, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा, आणि तिकडचे नियम तर माझ्याच टेबलावर पडले होते.

तिकडच्या बंदरावर पेट्या उघडल्या आणि आमची वाट लागली. बाहेरचं धान्य, फूल, माती ते लोक देशात शिरू देत नाहीत. सगळा माल अडकला. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: आमचे तांदूळ, भोवती लाल गोल. पुन्हा असं झालं तर व्यवहार बंद, असं खाली लिहिलेलं. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर कारखान्याला टाळंच लागलं असतं.

शेठ पॅकिंगच्या पोरींवर ओरडायला लागले. मावशी पुढे झाली.

"तांदूळ मियाच टाकलंय. पोरींका बोलू नका."

दुसरं काम बघ, शेठ म्हणाले. बघते, पण आधी हे निस्तरते, ती म्हणाली. माझ्याकडून तिने माफीचं पत्र लिहून घेतलं. एकही सबब घालू दिली नाही, आणि शेवटी एक ओळ टाकायला लावली: स्वतः येऊन बघा. शेठनी नेहमीप्रमाणे पूर्ण न वाचताच सही ठोकली.

आणि गिऱ्हाईक येतो म्हणालं की हो! मावशीने पॅकिंगची खोली धुऊन काढली, खिडक्यांना जाळ्या मारल्या. पोरींचे गजरे बंद, डबे बाहेर, चपला दाराशी. पूजा आता फाटकावरच्या गणपतीची.

पाहुणा आला तो सकाळी गोरेगावचा एक तबेला बघून. दाराशी पोचला आणि मावशीने आडवा हात घातला. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीला इंग्रजी येत नव्हतं. तिने आधी त्याच्या बुटाच्या टाचेला चिकटलेल्या गवताकडे बोट दाखवलं, मग कमरेला खोचलेला तो लाल गोलवाला फोटो काढून त्याच्यासमोर धरला.

पाहुण्याने स्टुलावर बसून बूट काढले आणि मोज्यांवर आत गेला. तासाभराने बाहेर आला तेव्हा मालाची जबाबदारी कोणाकडे, असं त्याने विचारलं. शेठ स्वतःकडे हात नेणार, तोच त्याने मावशीकडे बघून मान हलवली. वर्षभराची ऑर्डर दिलीन, आणि पुढे शेठशी भागीदारी करून नवी शेडही उभारलीन. मावशी तिथली सुपरवायझर झाली. मला इतका आनंद झाला होता, की मी भर कारखान्यात तिला मिठी मारली.

चार वर्षं तिने ती शेड चालवली. एकही पेटी अडकली नाही. गावी कायमची निघाली त्या दिवशी शेडची किल्ली माझ्या हातात ठेवलीन. मी घाबरले होते, ते तिने ओळखलं.

"चुकलंस तर पयल्यांदा आपण सांग गो बाये," ती म्हणाली. "मगे कोणाच्या बापाशीक भियाची गरज नाय."