शेवटचं कडवं संपेपर्यंत

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, मंजिरीजवळ तर नाहीच. चार वर्षं झाली. तुझ्याजवळ का बोलतेय — तू तिला ओळखत नाहीस म्हणून असेल.

मंजिरी आणि मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, होस्टेलच्या एकाच खोलीत. दोघींत एकच इअरफोन. डावा कान तिचा, उजवा माझा. त्यातून आम्ही एका इंग्लिश बँडवर जीव टाकला. नाव सांगत नाही. सांगितलं की तू गाण्यांबद्दल विचारशील आणि मी तिकडेच पळून जाईन. पुढे मी नोकरीसाठी इकडे रीडिंग शहरात आले, ती पीएचडीसाठी नॉटिंगहॅमला. आणि एका उन्हाळ्यात तोच बँड नॉटिंगहॅमच्या पार्कात वाजवणार असं कळलं. तिकिटं मंजिरीने काढली, माझ्या वाढदिवसाला म्हणून — नाही, तसं नव्हतं. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता. बघ, मी अजूनही गोष्ट सजवतेय.

भर दुपार होती, इथे क्वचितच पडतं तसं ऊन. मंजिरीला गर्दी सोसत नाही, पहिल्यापासूनच. "आपण मागे झाडाखाली थांबू," ती म्हणाली, "तिथूनही दिसेल गं."

"एवढी वर्षं वाट बघितली ती झाडाखाली उभं राहायला?" मी म्हटलं. तिचा हात धरला आणि सॉरी, सॉरी म्हणत तिला पार पुढे, बॅरियरजवळ ओढत नेलं. ती आली. माझ्या भरवशावर आली — हे वाक्य बोलायचं मी टाळत होते.

मग ते चौघे स्टेजवर आले. कसं सांगू? ड्रमचा पहिला ठोका कानात नाही, बरगड्यांत वाजला. जो आवाज इतकी वर्षं एका कानात ऐकला, तो समोरच्या, घामाने निथळणाऱ्या, चक्क टक्कल पडलेल्या माणसाच्या गळ्यातून येत होता. मी रडत होते की हसत होते? दोन्ही. चौथं की पाचवं गाणं आमचं निघालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी हटकून लावायचो ते. मागून गर्दीचा लोंढा आला आणि मंजिरीचा हात माझ्या हातातून सुटला.

मी वळून पाहिलं.

सगळ्यांना मी सांगितलंय की ती दिसलीच नाही. ती दिसली होती. दोन हातांवर होती. चेहरा पांढराफटक, ओठ माझं नाव घेत होते — ऐकू आलं नाही, पण स्वतःचं नाव कळत नाही का कुणाला? मग ती खांद्याखांद्यांच्या मधून खाली गेली. एक हात तेवढा वर राहिला. आणि मी स्टेजकडे तोंड फिरवलं.

गायक तेवढ्यात स्टेजच्या अगदी कडेला आला होता. एवढंच. दुसरं काही कारण शोधलं तरी सापडत नाही. गाणं चार मिनिटांचं आहे, आणि मी ते शेवटचं कडवं संपेपर्यंत म्हटलं. हात वर करून, डोळे मिटून. तुला वाटेल, मी सुन्न झाले असेन, घाबरले असेन. मलाही तसं वाटायला आवडलं असतं. पण मला आनंद होत होता. आयुष्यात परत कधी झाला नाही इतका. ती खाली आहे हे माहीत असताना. हे आठवलं की आजही भांडी घासता घासता माझे हात थांबतात — ही कोण बाई होती?

गाणं संपल्यावर मी तिला शोधलं. दोन अनोळखी माणसांनी तिला उचलून फर्स्ट एडच्या तंबूत नेलं होतं. एका पायात सँडल नव्हती आणि घोटा भलत्याच दिशेला वळलेला. मला हुंदकाच फुटला. खोटा नव्हता. पण तोंडातून शब्द आले ते असे — "मंजू, कुठे गेलीस गं, किती शोधलं तुला."

तिने माझा हात घट्ट धरला. "सॉरी गं. आपलं गाणं होतं ना ते? माझ्यामुळे चुकलं तुझं."

आणि मी म्हणाले, "जाऊ दे गं. गाण्याचं काय एवढं."

किती सहज म्हणाले. तिने माफी मागितली आणि मी ती घेतली.

घोट्याची दोन ऑपरेशनं झाली. अजून जिना उतरताना ती कठडा धरून, एकेक पायरी आडवी उतरते. लॅबमध्ये फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तिने काम बदललं. पुण्याहून तिची आई दर दिवाळीला मला फोन करते. "तू होतीस म्हणून निभावलं बाई," म्हणते. मी म्हणते, "काकू, असं काय म्हणता."

गेल्या महिन्यात मंजिरी आमच्याकडे आली होती. जेवताना माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना तिने ती दुपार सांगितली. आपलं लाडकं गाणं सोडून ही कशी गर्दीत मला शोधत फिरली, तंबूत येऊन कशी ओक्साबोक्शी रडली. छान सांगते ती. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी तो तसाच राहू दिला.