चार, पंचवीस, शून्य

काचबिंदूनं अण्णांची नजर गेली, तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना सगळ्यात जास्त दुःख चालण्याफिरण्याचं होईल. झालं ते वर्तमानपत्राचं. अण्णा म्हणजे माझे वडील. बिद्रीजवळच्या आमच्या गावी राहतात. आयुष्यभर साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरी केली. रोज सकाळी स्वतः पेपर वाचायचा आणि वाचता वाचता सगळ्या जगाला शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम. आता आई वाचून दाखवायची आणि रविवारी मी. दुसऱ्याच्या तोंडून पेपर ऐकताना माणसाला धड चिडताही येत नाही. अण्णा गप्प बसून ऐकायचे, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला सोसत नव्हतं.

शाहूपुरीतल्या एका लहानशा कंपनीत मी दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहिते. त्यामुळे उपाय मलाच सुचला: पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचणारा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम. जुन्या लॅपटॉपवर तो घालून दिला, कुठली कळ कशाची ते त्यांच्या बोटांना शिकवलं. काही दिवस स्वारी खूश होती. मग गळीत हंगामाची बातमी आली. गाळप ४,२५,००० टन. यंत्र म्हणालं, "चार, पंचवीस, शून्य टन."

अण्णांनी हेडफोन काढून आपटला. "कारखाना हाय का गुऱ्हाळ? ज्याला आकडा वाचता येत न्हाय, त्याचं मी काय म्हणून ऐकू?"

लॅपटॉप कपाटात गेला. अण्णा पुन्हा आईच्या सवडीची वाट बघत बसू लागले.

रागाच्या भरात मी त्या प्रोग्रॅमच्या पानावर तक्रार लिहिली. आमची गिऱ्हाइकं फोनवर आम्हाला झापतात, अगदी तशी. दुसऱ्या दिवशी तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या, कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसाचं उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंत. आकडे वाचण्याचा भाग या फाईलमध्ये आहे. तुम्हीच दुरुस्त करून पाहता का? अडलं तर मी आहे."

मी चाटच पडले. आमच्या कंपनीत कोड कुलपात असतो, गिऱ्हाइकाला त्याचा वाससुद्धा लागू देत नाहीत. इथं दार सताड उघडं, आणि वर "या, बसा" म्हणताहेत. मी ती फाईल उघडली आणि काम विसरून नुसती वाचत राहिले. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, याची नोंद होती. कुणी आपल्या भाषेतल्या तारखा नीट केल्या होत्या, कुणी एखादाच उच्चार. ज्या भाषांची नावंही मी कधी ऐकली नव्हती, त्या बोलणारी माणसं इथं येऊन एकेक ओळ ठेवून गेली होती, आणि कुणी कुणाकडे छदाम मागितला नव्हता. देवळात गेल्यावरही मला कधी असं भरून आलेलं नाही.

चूक तशी लहान होती. त्या प्रोग्रॅमला तीन-तीन अंकांनंतरचे स्वल्पविराम तेवढे ठाऊक होते. आपला लाखाचा स्वल्पविराम दिसला की तो आकडाच तोडायचा. दोन ओळींचं काम. पण मी पडले कोल्हापूरची. पाहुण्यानं भाकरी मागितली म्हणून नुसती भाकरी वाढायची आपल्याकडे रीत आहे का? हात लागलाच आहे तर म्हणून मी सगळी फाईल झाडूनपुसून लख्ख केली. ओळी सरळ केल्या, कोडमधल्या भागांची जुनी नावं बदलली आणि मोठ्या दिमाखात पाठवून दिली.

काही दिवसांनी त्याच माणसाचं उत्तर आलं. "तुम्ही खूप मेहनत घेतली आहे. मी अंध आहे. बदललेली प्रत्येक ओळ मी ऐकून तपासतो. तुमची फाईल पूर्ण ऐकली, पण स्वल्पविराम नेमका कुठं दुरुस्त झाला ते हाती लागलं नाही. तेवढाच बदल पाठवाल का? बाकीचे मागाहून, एकेक करून."

बसल्या जागी माझे कान तापले. पूर्ण ऐकली! माझी सगळी हौस त्या माणसानं ओळ न ओळ कान देऊन ऐकली होती, आणि तरी एक शब्द वाकडा नव्हता. आमच्याकडे एवढ्यावर सात पिढ्या उद्धरल्या असत्या. जो आवाज अण्णांनी कपाटात कोंडला होता, त्याच आवाजावर विसंबून हा माणूस तो आवाज घडवत होता. हे माझ्या डोक्यात मावेचना. त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काहीच झालं नाही.

मी सगळं मागं घेतलं, दोन ओळी ठेवल्या. लाख न मोजणाऱ्या देशांचे आकडे त्यामुळे बिघडत नाहीत ना, ते दाखवणारी उदाहरणं त्यानं मागितली, तीही दिली. प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत माझ्या दोन ओळी गेल्या.

त्या रविवारी गावी जाऊन लॅपटॉप काढला, त्यात नवी आवृत्ती घातली आणि अण्णांच्या हाताला धरून तीच बातमी लावली. "चार लाख पंचवीस हजार टन."

कौतुक करतील तर ते अण्णा कसले. "कुणी सुधारलं?"

"मी. पण तपासलं दुसऱ्यानं. त्याला दिसत न्हाय, अण्णा. समदं ऐकून तपासतो."

अण्णांनी तोच आकडा पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाले, "जल्मापास्नं?"

"विचारलं न्हाय."

"विचारू बी नको." त्यांची बोटं कळांवरून फिरत होती. "आन् समदं ह्याच आवाजावर करतोय?"

"व्हय."

सवयीनं मी पेपर उचलून पहिलं पान उघडलं. घडीचा आवाज ऐकून अण्णांनी हात पुढं केला, पेपर माझ्याकडून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"तू ऊठ आता," हेडफोन कानाला लावत ते म्हणाले. "मला वाचू दे."