गंगुबाईंचं दार

गंगुबाईंचं दार मी बंद करायला लावलं. इथूनच सुरुवात करतो, नाहीतर पुढे शहाणपणाच्या गप्पा मारत बसेन.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी यंत्रं बसवणं ही माझी नोकरी. गळ्यात घालायचं बटण, भिंतीवर बोलणारा डबा, दाराला सेन्सर. गंगुबाईंचा मुलगा जगदीश पुण्यात असतो. त्याने लालबागच्या चाळीतल्या आईच्या खोलीत हे सगळं बसवून घेतलं आणि वर दमही दिला, "आता एकदा जरी पडलीस तरी थेट पुण्याला नेणार." पुण्याचं नाव काढलं तरी म्हातारीला ठसका लागायचा.

दार जरा वेळ उघडं राहिलं की सेन्सर जगदीशला फोन करी. पहिल्याच दिवशी त्या बिचाऱ्यावर वेडं व्हायची पाळी आली. सेन्सरची वेळ बदलायची तर ऑफिसात साहेबांच्या मागे फिरावं लागतं. म्हणून मी सोपा मार्ग काढला.

"आजी, दार लावून बसत जा."

"दिवसाढवळ्या? मी काय गावाक गेलंय?"

चाळीत दिवसा दार बंद म्हणजे माणूस घरात नाही, नाहीतर झोपलंय. हाक मारायची नाही. आमच्या सांगोल्यातही असंच आहे. पण गळ्यात कंपनीचं कार्ड पडलं की गाव विसरायला होतं.

गंगुबाई मालवणकडच्या. नवरा, दौलत, मिलमध्ये कामाला, आणि गंगुबाई घरात मिलवाल्यांची खाणावळ चालवायच्या. तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायला, त्यामुळे दाराला कडी लागतच नसे. संप झाला, जेवणारे एकेक करून गावाला गेले, पुढे दौलतही वारले. दार उघडंच राहिलं. येणारा-जाणारा डोकावायचा, शेजारची कमल भाजी निवडायला येऊन बसायची. ते मी एका वाक्यात थांबवलं.

एका दुपारी गंगुबाई मोरीत घसरल्या. गळ्यातलं बटण अंगाखाली दाबलं गेलं आणि भिंतीवरच्या डब्यातून आमच्या कंपनीचा माणूस बोलू लागला. ते रेकॉर्डिंग मी नंतर ऑफिसात ऐकलं.

"माताजी, आप ठीक हैं?"

"बरी असंय रे बाबा. माझ्या झिलाक, जगदीशाक, काय सांगा नको. तू जेवलंस काय?"

"जी," म्हणून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला आणि शेरा मारला: ठीक.

चाळभर बोभाटा नको, कमल येईलच, असं गंगुबाईंना वाटलं. कमल आलीही होती. बंद दार बघून, म्हातारीची झोप मोडायला नको म्हणून, चपलाही न वाजवता परत गेली. संध्याकाळी पाणी आलं, भिंतीपलीकडे हंडा भरल्याचा आवाज नाही, तेव्हा तिने दार तोडायला लावलं.

पाय नुसता मुरगळला होता. पण जगदीश आला तो आईचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊनच.

त्याने मलाही बोलावलं. मी म्हणालो, "साहेब, दार मी लावायला सांगितलं होतं."

"अरे वा! एवढा शिकलेला, आणि म्हातारीला कोंडून गेला?" कमल म्हणाली.

"आणि तुमच्या यंत्राने काय केलं?" जगदीशने विचारलं.

"त्यात... ठीक आहे, असं लिहिलंय."

पाय उशीवर ठेवून पडलेल्या गंगुबाई म्हणाल्या, "त्याका कशाक बोलतास? उपाशी दिसता तो. कमल, ह्याका वाढ गो." मी पानावर बसलो.

शेवटी कमलनेच बोलणं काढलं. "दार उघडं ठेवा, मग त्यांच्यावर नजर माझी." जगदीशने बॅग कोपऱ्यात सरकवली. "गणपतीपर्यंत बघू."

मी दाराचा सेन्सर काढला. कमलने मोरीकडे बोट दाखवलं. "इथे धरायला एक दांडा बसव."

"उद्याच बसवतो," मी म्हणालो.

ऑफिसात म्हणाले, दांडा आपल्या यादीत नाही. स्वतः आणून बसवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

गणपती येऊन गेले. गंगुबाई अजून लालबागमध्येच आहेत. मोरीत जाताना कमल त्यांचा दंड धरते. मी चाळीखालून गेलो की वरून तिची हाक येते, "काय इंजिनिअर, दांडा?"

मी मान वर करत नाही.