भावजींची लक्ष्मी

आमच्या भावजींनी जन्मभर खोट्या जुन्या वस्तू केल्या, पण खोटेपणाचा त्यांच्याइतका राग अख्ख्या बेंगळुरूत कुणाला येत नसेल. चिकपेटेत साडी घ्यायला गेले की आधी पदराचा धागा ओढून काडीनं जाळायचे. केस जळल्यासारखा वास आला तरच रेशीम खरं. दुकानदार ओरडायचा, "अण्णा, स्वल्प थांबा, दुकान पेटेल!" आणि राजाजीनगरच्या घरी हेच भावजी स्वतः काढलेली देवांची नवीकोरी चित्रं कॉफीच्या पाण्यात भिजवत, धुपाच्या धुरावर धरत, चौकटीला तापल्या सुईनं किडीची भोकं पाडत. मी विचारलं, "गणपती झाला का?" तर म्हणायचे, "अजून ऐंशीच वर्षांचा झालाय. सोमवारी ये, दोनशेचा होईल." विकताना मात्र 'मीच केलंय' असं स्पष्ट सांगत. पुढे दुकानदार गिऱ्हाइकाला काय सांगे, ते यांच्या कानावर पडत नसे. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यावर फार हसायची. ती गेल्यापासून त्यांचा स्वयंपाक मी करते.

गेल्या वर्षी पुण्याची एक मुलगी बनावट चित्रांवर फिल्म करायला त्यांच्याकडे आली. तिनं लॅपटॉपवर एक लक्ष्मी दाखवली. इथल्याच एका म्हाताऱ्या बाईंच्या देवघरातली. त्यांच्या यजमानांनी जुनी म्हणून आणलेली, आणि एका जाणकारानंही ती दोनशे वर्षांची ठरवलेली. भावजी खुर्चीतून उठलेच. "जाणकार कसला! माझी आहे ती!"

"सर, प्रूफ लागेल. सही आहे का?"

सही कुठली? जुन्या चित्रावर नव्या माणसाची सही कशी चालेल! तीन दिवस भावजींनी ट्रंका उपसल्या. जेवणावर लक्ष नाही. आपलं एक तरी चित्र आपलं म्हणून कुणी ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि हातात एक चिटोराही नव्हता.

चौथ्या दिवशी मुलगी पुन्हा आली. मी कॉफी ठेवता ठेवता चित्र पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "नाकातलं डावीकडे आहे." दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी घाईघाईनं सांगून टाकलं की इकडच्या देवी उजव्या नाकपुडीत घालतात, डावीकडे आपण मराठी बायका. अक्काला स्टुलावर बसवून भावजी तिचाच चेहरा काढायचे. एवढं बोलून मी आत पळाले आणि दाराआडून बघत राहिले.

"सर, सापडलं! फिल्ममध्ये तुमचं नाव येणार!" मुलगी टाळ्या वाजवत होती. भावजींनी मात्र कॉफीचा कप उचलला. मग म्हणाले, "हे दाखवल्यावर त्या आजी काय करतील?"

"देवघरातून काढतील बहुतेक."

"रोज फूल वाहतात?"

"मोगऱ्याचा गजरा. रोज ताजा."

भावजींनी कप खाली ठेवला. "कॅमेरा लाव, सांगतो. चित्र अस्सल जुनं आहे. मी म्हातारा माणूस, बडबडलो."

"पण सर, या आत्ता म्हणाल्या..."

"हिला चित्रातलं काय कळतं?" मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मुलगी गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुझी अक्का गजरा आण म्हणायची. रंगाच्या नादात मी रोज विसरायचो गं."

परवा ती फिल्म आम्ही घरी लावली. त्यात भावजी एकदाच दिसतात, "अस्सल जुनं आहे," असं ठासून सांगताना. मग लक्ष्मी आली, गजरा घातलेली. भावजी म्हणाले, "जरा थांबव." मी थांबवलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ अक्काकडे बघत बसलो.