ह्यांची मिशी

आमच्या घरात सध्या दोन म्हातारे आहेत आणि दोघांनाही वाटतं, म्हातारा तो दुसराच. एक माझे सासरे माणिकराव, नव्वदीला टेकलेले. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीसुद्धा. दुसरे आमचे हे, त्यांचे चिरंजीव मुंजाजी, साठी ओलांडून बसलेले. तिसरी मी, सुमन. मला म्हातारं व्हायला अजून सवड मिळालेली नाही.

हे वीज मंडळात लाईनमन होते. ताडकळसच्या आसपास असा खांब नसेल ज्यावर हे चढले नाहीत. पावसाळ्यात लाईट गेली की लोक ह्यांच्या नावानं बोटं मोडायचे आणि आली की चहाला बोलवायचे. खांद्यावर दोरखंड, कमरेला पक्कड आणि नाकाखाली ही एवढी झुपकेदार मिशी. लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवऱ्याच्या आधी मिशीच दिसली होती. आता घरातला बल्ब बदलायचा तर स्टुलावर चढण्याआधी ओरडतात, "अगं, धर, स्टूल धर!" गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू झाली, पण मिशीचा थाट तोच. आरशासमोर उभे राहून तेल लावून पीळ देताना पाहिलं की मला हसू येतं आणि थोडं बरंही वाटतं. जुन्यातलं तेवढंच काय ते शाबूत राहिलंय.

सकाळी मी दोघांच्या गोळ्या दोन वाट्यांत काढते. स्टीलची वाटी दादांची, पितळेची ह्यांची. एकदा ह्यांनी चष्मा न लावता दादांच्या वाटीतली गोळी घेतली आणि भर दुपारी जेवता जेवता पेंगले. दादा त्यावर आठ दिवस हसत होते. "पोरगं म्हातारं झालं बग सुमन," म्हणाले. "बापाची गोळी खायलंय."

दादांना दिसत नाही. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. तेव्हापासून एक रिवाज पडला. दिवेलागणीला हे दादांच्या बाजेवर जाऊन बसतात. दादा हात पुढे करतात. आधी कपाळ, मग भुवया, नाक आणि शेवटी मिशी. मिशीवरून अंगठा दोन्हीकडे फिरवून झाला की म्हणतात, "हं. आलास." जणू हे दिवसभर कुठल्या परमुलखात गेले होते. गेलेले असतात फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत.

त्या हाताची किंमत मला आधी कळली नव्हती. एकदा हेच बोलता बोलता बोलून गेले. लहानपणी दादा ह्यांना खांद्यावर बसवून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला न्यायचे. वाटेत उतार लागला की हे घाबरून दादांची मिशी दोन्ही हातांनी लगामासारखी धरायचे आणि दादा "सोड रे, उपटतोस काय!" म्हणत ओढ्यातून पार व्हायचे. लाड होते तसा मारही होता. पुढे एकदा हे शाळा बुडवून परभणीला सिनेमा बघून आले. दादा दारातच लिंबाचा फोक घेऊन उभे. फोक उगारला आणि तसाच धरून ठेवला. ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "मिशी फुटायली की तुला." फोक टाकून दिला. मिसरूड फुटलेल्या पोरावर हात टाकायचा नाही, असा त्यांचा कायदा.

"मार बंद झाला म्हणून मी केवढा खूश," हे मला म्हणाले. "पण त्याच दिवसापासून दादांचा हातच बंद झाला. पाठीवरून नाही, डोक्यावरून नाही. दिसायचं बंद झालं तेव्हा कुठं परत लागला."

मिशीचा आणखी एक कायदा आमच्याकडे आहे, तो सगळ्या गावाचाच. आई किंवा बाप गेल्यावरच मिशी उतरायची, एरवी नाही. सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांची मिशी एकदा उतरली होती. दादांना तेव्हा थोडं दिसत होतं. नदीवरून आलेला मुलाचा तो बोडका चेहरा पाहिला आणि दादा भिंतीकडे तोंड करून झोपले. कित्येक दिवस ह्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. सासूबाईंना अग्नी देताना जे रडले नाहीत, ते त्या चेहऱ्याकडे पाहून रडले.

आणि मागच्या वर्षी ह्यांच्या वरच्या ओठावर, बरोबर मिशीच्या आत, गाठ आली. आधी हरभऱ्याच्या डाळीएवढी. हे म्हणाले उष्णता असेल. मग अख्ख्या हरभऱ्याएवढी झाली. परभणीत दिलेली आमची मुलगी भक्ती ह्यांना बळंच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काढून तपासायला पाठवू, थांबू नका. मिशी मात्र पूर्ण काढावी लागेल.

हे घरी आले आणि गप्प बसले. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मी बोलले, भांडले, एक दिवस स्वयंपाकच केला नाही. भक्ती फोनवर रडली. हे म्हणायचे, "बघू की." मी म्हटलं, "काय बघू? मिशी मोठी का जीव मोठा?" तर म्हणाले, "दादा हात फिरवतील. त्यांना काय सांगू?"

हा प्रश्न साधा नव्हता, कारण त्याच दिवसांत दादांनी जेवण तोडत आणलं होतं. भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, दुखणं काही नाही म्हणाले. दादांना विचारलं की एकच, "पुरं झालं आता. कमल वाट बघायली तिकडं." कमल म्हणजे सासूबाई. मी दुधात भाकरी कुस्करून पुढे ठेवायची आणि दोन घास खाऊन ते वाटी सरकवायचे. ह्यांना धास्ती ही, की अशात हाताला बोडका ओठ लागला तर दादांना सासूबाईंचं जाणं आठवेल आणि उरलेले दोन घासही तुटतील. आणि मला धास्ती की ह्या गाठीत काही वाईट निघालं तर नव्वदीच्या बापाच्या आधी पोरगा जाईल. मी ते तोंडावर बोलले. रागातच बोलले, पण बोलले. संक्रांतीनंतर हे एकदाचे कबूल झाले.

परभणीच्या दवाखान्यात भक्ती आमच्या आधीच येऊन थांबली होती. आत मिशी उतरवली तेव्हा मी बाहेर बसले होते. बाहेर आले तेव्हा क्षणभर ओळखूच येईनात. ओठावर पट्टी, तोंड बारीक झालेलं, डोळ्यांत पाणी. दुखण्याचं नव्हतं ते, मला माहीत आहे.

घरी आल्यावर चोरपोलीस सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी हे बाजेपाशी गेलेच नाहीत, लांबूनच म्हणाले, "आलो बरं का दादा." दुसऱ्या दिवशी तोंडाला उपरणं बांधून सांगितलं, दाढ दुखतेय. त्या रात्री दादांनी वाटीला हातच लावला नाही. पोराचा चेहरा हाताला लागला नाही म्हणून की खरंच भूक नव्हती म्हणून, मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी हे पुन्हा उपरणं बांधून ओसरीत आले.

"मुंजा, हिकडं ये," दादा म्हणाले.

"दाढ दुखायलीय दादा."

"दाढ तोंडाच्या आत असती. मी काय तोंडात हात घालायलो का? ये."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. किती दिवस पळणार होते? हे बाजेवर बसले आणि उपरणं सोडलं. दादांचा हात आला. कपाळ, भुवया, नाक. आणि अंगठा थांबला. पट्टीवरून फिरला, पट्टीच्या बाजूच्या गुळगुळीत कातडीवरून फिरला. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते.

"कोण गेलं?" दादांनी विचारलं. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

शेवटी मीच सांगितलं, "कुणी न्हाई गेलं दादा. ह्यांच्या ओठावर गाठ आल्ती. काढावी लागली, म्हणून मिशीबी काढली."

"गाठ?"

"हां. आता काढलीय. तपासायला दिलीय."

दादांनी हात काढला नाही. हळूहळू सगळा चेहरा पुन्हा चाचपला, गालापासून कानापर्यंत. "म्हंजे मी जिता असताना काढली," म्हणाले.

"चुकलं दादा," हे म्हणाले. "तुमाला इचारायला पायजे होतं."

"ते ऱ्हाऊ दे. पण मला एक सांग, आता मी मेलो तर बालाजी काय काढल?"

बालाजी म्हणजे आमचा न्हावी, बसस्टँडजवळ दुकान आहे त्याचं. मला हसूच फुटलं. ह्यांनाही फुटलं, पण पट्टीमुळे हसताही येईना. दादा मात्र एकदम गंभीर.

"हसू नका. लोकं काय म्हणतील? माणिकच्या पोरानं बाप मरायच्या आदीच उरकून घेतलं. मला न्हाई चालायचं असलं. मिशी पुरी येऊस्तर मला थांबावं लागल." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "सुमन, भाकर हाय का?"

"हाय की."

"कुस्कर दुधात. आन् जरा गूळ टाक."

अख्खी वाटी संपवली. हे परसात निघून गेले. मी मागे गेले तर मोरीजवळ उभे राहून रडत होते, हमसून हमसून. मी शेजारी जाऊन उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना असं रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

गाठीत वाईट काही निघालं नाही. पट्टी निघाली, टाके निघाले, खुंट उगवायला लागले. आता दिवेलागणीची तपासणी जास्तच बारीक झाली. दादा अंगठ्यानं खुंट मोजल्यासारखे करायचे. "अजून न्हाई," म्हणायचे आणि जेवायला बसायचे. चतकोराची अर्धी झाली, अर्धीची पाऊण. एके दिवशी आंबट चुक्याची भाजी मागितली. मला तर दृष्ट काढावीशी वाटली.

उन्हाळा आला तसं एक माझ्या लक्षात आलं. ह्यांची मिशी वाढतच नव्हती. खुंटाची कोवळी मिशी झाली आणि तिथेच अडली. पूर्वीचा तो झुपका काही येईना. मला वाटलं, टाक्यांमुळे असेल, की वयच झालं आता. मग बाजाराच्या दिवशी हे पिशवी घेऊन गेले आणि गोळ्यांची चिठ्ठी घरीच विसरले. मी चिठ्ठी घेऊन मागे निघाले. बसस्टँडपाशी पाहते तर हे बालाजीच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि बालाजी कात्रीनं ह्यांची मिशी कोरतोय.

"अहो!" मी दारातूनच ओरडले.

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. चोरी पकडल्यासारखे लाल झाले. बालाजी हसत म्हणाला, "मावशी, काका दर बाजाराला येतेत. पुरी वाढू द्यायची न्हाई म्हनतेत."

मला आधी राग आला, म्हणजे येणारच होता, तोंडही उघडलं होतं. पण ह्यांचा तो आरशातला चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. मिशी पुरी आली की दादांची थांबण्याची मुदत संपणार. म्हणून हा साठीचा माणूस, ज्याला मिशीचा एवढा शौक, तो दर बाजाराला गुपचूप स्वतःची मिशी छाटून घेत होता. मी चिठ्ठी खुर्चीच्या हातावर ठेवली, "गोळ्या आणा," एवढंच म्हटलं आणि घरी आले. वाटेत डोळे पुसत होते, तर एका बाईनं विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. मी धूळ गेली म्हणाले.

संध्याकाळी हे बाजेवर बसले. दादांचा हात आला. कपाळ, भुवया, नाक, मिशी. अंगठा दोन्हीकडे फिरला. मग दादा जरा पुढे वाकले. बालाजीच्या दुकानातल्या पावडरीचा वास ह्यांच्या मानेला होता, मला लांबून येत होता. दिसत नाही त्या माणसाचं नाक किती तिखट असतं, ते आम्ही दोघंही विसरलो होतो.

"अजून न्हाई," दादा म्हणाले.

"न्हाई दादा," हे म्हणाले. "लय हळू वाढायलीय."

"वाढनारच हळू. तुझंबी वय झालं आता." थोडा वेळ दादांचा हात तिथेच राहिला, ह्यांच्या गालावर. "आज बाजारला गेल्तास जनू?"

"हां."

"जात जा. दर हप्त्याला जात जा, चुकवू नको." मग नेहमीसारखं माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "सुमन, वाढ गं. अख्खी भाकर घे आज."