बुट्टी भरा, मग पुढं

आमच्या मामासारखा धीट माणूस निपाणीपासनं बेळगावपातूर दुसरा जन्मला न्हाय, आणि त्याच्या हाताखाली वाढल्यामुळं मीबी आयुष्यात कशाला म्हंजे कशालाच भ्यालो न्हाय. फकस्त आंघोळीला डोस्क्याला साबण लावला की डोळं मिटायचं धाडस तेवढं मला परवा-परवापातूर होत न्हवतं.

हसू नका. पन्नाशी उलटली, हायवेला माझं पंक्चरचं दुकान हाय, ट्रकाची चाकं एकटा उतरवतोय. पण तांब्या हातात आला की डोळं टक्क उघडं. साबण आत जातोय, आग होतीया, तरी मिटत न्हाय. मग लालबुंद डोळं घिऊन दुकानात बसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "का ओ, सकाळी सकाळीच घेतलीया काय?" मी व्हय म्हणायचो. भूत मागनं येतंय म्हणून डोळं मिटत न्हाय, हे सांगण्यापरास दारू बरी. दारुड्याला कोण निदान भित्रा तरी म्हणत न्हाय.

ही सगळी मामाची कृपा. मामा म्हंजे आईचा चुलतभाऊ, संकेश्वरजवळच्या आमच्याच गावात, आमच्यापासनं दोन घरं सोडून. डोस्क्याला ढीगभर पटका, मिशा आशा की पोरं त्यास्नी लोंबकळतील. गावातल्या सगळ्या भुतांचा पत्ता मामाकडं. पोस्टमनला माहीत नसंल एवढं मामाला माहीत. कुठल्या झाडावर कोण ऱ्हातंय, कुठनं आलंय, कुणाचं कुणाशी पटत न्हाय, सगळं. हिरीवर पाण्याला गेला की आधी काठावर टाळी वाजवायचा, "आलोय बरं का, दोन घागरी नेणार." उसात शिरायच्या आधी उसाला हाक मारायचा. कोण हसलं तर म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरात तू न विचारता जातोस व्हय रं?"

पण मामाचं खरं राज्य म्हंजे भुईमुगाची सुगी. वेल उपटून खळ्यावर ढीग घालायचा आणि बायका-पोरांनी गोल बसून शेंगा तोडून बुट्टीत, म्हंजे टोपलीत, टाकायच्या. बाकीचे शेतकरी वरडून वरडून घसा बसवायचे, तरी पोरं मातीत खेळत बसायची. मामा कधी वरडला न्हाय. मामा सिनेमा सांगायचा. बाजाराच्या दिवशी बैलाला औषध आणतो म्हणून संकेश्वरला जायचा आणि दुपारचा खेळ बघून यायचा. बैल कधी आजारी नसायचा, पण औषध कायम चालू. सिनेमे सगळे कन्नड, आमाला पोरांना कन्नड येत न्हवतं, त्यामुळं मामा सांगंल ती पूर्व दिशा.

"बाई न्हाणीत बसलीया," मामा हळू आवाजात सुरू करायचा. "डोस्क्याला शिकेकाई लावलीया. डोळं मिटल्यात. आणि भाईर आवाज येतोय. थाप... थाप... थाप. ती आलीया. हडळ. तिला डोळं न्हाईत बरं का, खाचा हायत नुसत्या. म्हणून तळव्यानं भिंत चाचपत येतीया. थाप... थाप... न्हाणीच्या दारापातूर आली. बाईला कळंना. आणि मागनं हात लांबला..."

हितं मामा गप. पटक्याचा शेव झाडायचा, आभाळाकडं बघायचा. आमचा जीव टाळूला.

"मामा, पुढं?"

"बुट्टी भरा, मग पुढं."

आशा काय बुट्ट्या भरायच्या म्हणता! माझे हात तर भीतीनं आपोआप पळायचे. माझ्या बुट्टीत शेंगा थोड्या, पाला आणि माती जास्त, पण भरायची सगळ्यांच्या आधी. चार दिवसांचं काम मामा दोन दिवसांत उरकून घ्यायचा. ते बरं झालं. वाईट झालं ते माझं. आई वढ्यावर धुणं आपटायला लागली की त्या थाप थाप आवाजानं मी घराकडं पळत सुटायचो. शाळेच्या वाटंवर चिंच होती, तिच्यावर मामानं एक म्हातारी बसवली होती. तिच्यापायी मी शाळा चौथीत सोडली. लोकं सांगत्यात गरिबीनं शिकलो न्हाय. मी चिंचेनं शिकलो न्हाय.

मामाचं आणिक एक मत होतं. भुतं कन्नडच बोलत्यात. सगळ्या सिनेमात त्यानं तसंच आयकलेलं. म्हणून त्यानं आमच्याकडनं एक वाक्य पाठ करून घेतलं. भूत दारात आलं तर म्हणायचं, "इदु नम्म मनि अल्ल." हे आमचं घर न्हवं. भूत पत्ता चुकला म्हणून माघारी जातंय. एकदा दुपारी घरात मी एकटा, आणि दारात चष्मा घातलेला एक माणूस, हातात वही, कन्नडमधी कायतरी विचारतोय. कुठल्यातरी हापिसाचा आसंल. मी कापत कापत म्हणालो, "इदु नम्म मनि अल्ल." तर त्यो पुढं विचाराय लागला. आता मामाच्या सिनेमातल्या भुतानं पुढं कधी विचारलंच न्हवतं! मी दार लावून कणगीमागं बसलो. घराचं काय काम आडलं ते मला कळलं न्हाय, पण बाप पुढं महिनाभर हापिसात खेटे घालत होता आणि घरी आला की माझा कान पिळत होता.

आता ह्याच साली माझ्या पोरीनं मोबाईलवर त्यो न्हाणीतल्या हडळीचा सिनेमा काढून दिला. नाव मला तोंडपाठ होतं, मामा दर सुगीला चार वेळा सांगायचा. मी दुकानाचं शटर आर्धं ओढलं, पोरीला शेजारी बसवलं आणि बघितला. आख्ख्या सिनेमात हडळ न्हाय! न्हाणीबी न्हाय! थाप थाप आवाज हाय, पण ती हिरोईन नदीवर धुणं धूत गाणं म्हणतीया. पोरगी म्हणाली, "आप्पा, ह्यालाच भ्यालता व्हय?" आता मला कन्नड येतंय, त्यामुळं भाषा कळली न्हाय आसं सांगायचीबी सोय ऱ्हायली न्हाय.

मोबाईल घिऊन तडक मामाकडं गेलो, जाब विचारायला. मामी शेंगाच निवडत होती. म्हणाली, "बरं आलास. तूच सांग बाबा ह्यास्नी. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणत्यात आता आणिक थांबला तर जातील डोळं. हे ऑपरेशनचं नाव काढलं की परड्यात जाऊन बसत्यात. सगळं करून झालं रं."

तेवढ्यात आतनं आवाज आला. थाप... थाप... थाप.

खोटं कशाला सांगू, मी मामीच्या मागं सरकलो. आणि आतल्या अंधारातनं मामा भाईर आला. तळव्यानं भिंत चाचपत. मिशा पांढऱ्या, पटका तेवढाच, खाली चेहरा मूठभर. "कोण हाय?" माझ्यापासनं चार हातांवर उभा राहून मला विचारत होता.

माझा सगळा राग तिथंच विरघळला. पण आणलाय मोबाईल तर आयकवावं म्हणून म्हणालो, "मामा, तुमचा सिनेमा घावलाय," आणि लावला. त्यो आवाज चालू झाला. थाप थाप. आणि मामानं काय करावं? पटक्याचा शेव खस्कन वढला आणि तोंडावर घेतला. आख्खा चेहरा झाकला.

मामी बघतच ऱ्हायली. मी मोबाईल बंद केला.

"मामा," मी म्हणालो, "तुमी सिनेमा आसाच बघायचा काय?"

पटक्याच्या आतनं आवाज आला, "मग काय डोळं उघडं ठिवून बघतोय व्हय? भ्या वाटत न्हाय माणसाला?"

"म्हंजे एकबी सिनेमा बघितलेला न्हाय?"

"आयकलाय की सगळा. तिकीट काय फुकट घालवलं न्हाय."

आता बघा. ह्यानं डोळं मिटून सिनेमा बघितला म्हणून मी चाळीस वर्षं डोळं उघडं ठिवून आंघोळ करत आलो.

मग हळूहळू खरं काय ते भाईर आलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुखणार न्हाय, फकस्त डोळा चिमट्यानं उघडा धरायचा. मामाला सुईचं कायच वाटत न्हवतं. डोळा मिटता येणार न्हाय, तेच त्याला सोसत न्हवतं. म्हणाला, "आरं, आजपातूर जे काय भ्याचं आलं ते मी पटक्याआडनं काढलं. तिथं पटका काढून घेत्यात." मी घरात सगळ्यांत भित्रा म्हणून मामी माझ्याकडं बघत होती. हा माणूस ह्यातला जाणकार, हाच कायतरी करंल, आशा आशेनं.

शेवटी मामा एका अटीवर तयार झाला. दारापातूर मी संगट ऱ्हायचं.

बेळगावच्या दवाखान्यात मामाला हिरवा झगा, हिरवी टोपी घालून बाकड्यावर बसवलं. पटका मामीच्या मांडीवर. पटक्याबिगर मामा मी पहिल्यांदाच बघितला, वाटलं दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हाताऱ्याला घिऊन आलोय. शिस्टर दर थोड्या वेळानं डोळ्यांत थेंब टाकून जात होती. एकदा तिनं नाव पुकारलं, तर मामानं शांतपणं कन्नडमधी सांगितलं, त्यो मी न्हवं. आता ह्यो उठून पळणार, हे मला दिसाय लागलं. आणि पळाला आसता तर पुन्हा डोळ्यांचं नाव कुणी काढू शकलं नसतं.

मी म्हणालो, "मामा, एक गोष्ट आयका. माझ्या दुकानात परवा एक ट्रक आला. काचा काळ्या. ड्रायव्हर खाली उतरंना. आतनंच म्हणाला, मागचं चाक बघ. मी चाक काढलं, टायर सोडवला, ट्यूब भाईर वढली. तर ट्यूब आपोआप फुगतीया, बसतीया. फुगतीया, बसतीया. पंप लावलेला न्हाय मामा. आत कायतरी श्वास घेतंय. मी कान लावला..."

सांगता सांगता मलाच घाम फुटला. तेवढ्यात शिस्टर आली.

"पुढं?" मामानं विचारलं.

"बुट्टी भरा," मी म्हणालो, "मग पुढं."

मामा माझ्याकडं बघत ऱ्हायला. दिसत न्हवतं त्याला, तरी बघत ऱ्हायला. मग उठला, शिस्टरचा हात बाजूला केला आणि भिंतीवर तळवा टेकत आत गेला. थाप... थाप... थाप. मामी पटका उराशी धरून बसली. आणि मी अर्धा तास गोष्टीचा शेवट शोधत बसलो, एक घावला न्हाय.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. सकाळी आंघोळीला साबण लावला आणि म्हणालो, मामा तिथं आत जाऊन आला, तुला हितं काय झालंय? डोळं मिटलं. पाचपातूर मोजलं. मागं कोण न्हवतं. खरं सांगतो, जरा वाईटच वाटलं.

पट्टी निघाली तशी मामानं आधी मामीकडं बघितलं. लई वेळ. "बारीक झालीस गं," एवढंच म्हणाला. मामी पटक्याच्या घड्या मोडत बसली.

मग मी छाती फुगवून पुढं झालो. "मामा, माझ्या गोष्टीनं काम केलं का न्हाय? आता बुट्टी भरली. पुढचं सांगू?"

मामानं मला वरनं खालपातूर न्याहाळलं, पटका डोस्क्याला गुंडाळला आणि म्हणाला, "नगं. पुढचं आयकावं लागू नये म्हणूनच तर आत गेलतो."